ठकी आता नाचत नाही

घरी कुणी आलं आणि आमच्या घोडीला, ठकीला बघितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "नाचते का हो?" नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा असा पडतो जसं काही आम्ही दारात आंबा लावलाय आणि त्याला मोहोरच धरू देत नाही. दरवेळी तीच गोष्ट पहिल्यापासून सांगायचा आता कंटाळा आलाय म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय, लांबलचक होणार आहे, चहा घेऊन बसा.

तर आप्पांना घोडी हवी होती. का, तर त्यांच्या आजोबांकडे होती म्हणून, बाकी कारण काही नाही. आमचं शेत दौंडच्या पुढे भीमेच्या काठाला, भीमथडी भीमथडी म्हणतात तो हाच पट्टा, इथल्या बुटक्या काटक तट्टांवर मराठ्यांच्या फौजा हिंडल्या आणि आता इथे ऊस आणि ट्रॅक्टर सोडून दुसरं काही दिसत नाही. आप्पा आणि तात्या (तात्या म्हणजे आमची गुरं बघतात ते, माझ्या जन्माच्या आधीपासून) दोघं सारंगखेड्याच्या यात्रेला गेले, नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या काठी दत्तजयंतीला भरते ती, कुठून कुठून घोडे येतात तिथे. तीन दिवस फिरले, दात बघितले, अंगावरचे केसांचे भोवरे बघितले, अमुक ठिकाणी भोवरा असला की घरधन्याला वाईट वगैरे सगळं झालं, आणि येताना टेम्पोत एक कुमैत (म्हणजे तांबूस अंगाची, काळ्या आयाळीची) घोडी. सहा वर्षांची, काठियावाडी मिसळ, कानांची टोकं आत वळलेली, फार देखणी. विकणाऱ्याने सांगितलं होतं की नाचकाम पक्कं आहे, वरातीला लावा, पैसे वसूल होतील.

मी तेव्हा वर्क फ्रॉम होम म्हणून माहेरीच होते. ठकी हे नाव मी ठेवलं, जुन्या लाकडी ठकी बाहुलीसारखे मोठे काळे डोळे म्हणून.

पहिला आठवडा नुसती मजा. चंदीची बादली घेऊन गेलं की ती नाचायची. पुढचे पाय गुडघ्यात दुमडून वर, डावा उजवा डावा उजवा, मान आत ओढलेली, शेपूट सारखी हलतेय. भाचे टाळ्या वाजवायचे, टाळ्या वाजल्या की अजून जोरात. मी व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, हार्टचा पाऊस पडला. आता तो व्हिडिओ बघवत नाही मला कारण त्यात तिच्या डोळ्याचा पांढरा भाग स्पष्ट दिसतो आणि तो मला तेव्हा दिसला नव्हता, म्हणजे दिसला असेल पण त्याचा अर्थ कळला नव्हता.

मग एका संध्याकाळी मी तिच्यापासून पाचसहा पावलांवर उभी होते, आजूबाजूला कुणी नाही, गाणं नाही, बादली नाही, आणि केसांचा क्लचर सैल झाला म्हणून मी फक्त हात वर केला. झालं. ठकी नाचायला लागली. मी हात खाली घेतला तरी थांबेना, मान घामाने ओली, नाकपुड्या फुगलेल्या. आणि मला एकदम कळलं की ही नाचत नाहीये, ही सांगतेय की करते ना, मारू नका, हे बघा करतेय.

असं शिकवतात कसं ते नंतर चौकशी केल्यावर कळलं, दोन खांबांना दोन्ही बाजूंनी बांधून पायांवर काठीच्या टिचक्या मारत राहायचं, पाय उचलला की काठी थांबते. सगळेच असं करतात असं मी म्हणत नाही. पण ठकीच्या बाबतीत हात वर गेला म्हणजे काठी येणार, एवढं तिचं गणित पक्कं होतं.

तिच्याबरोबर जो लगाम आला होता तो मी मग पहिल्यांदा नीट हातात घेऊन बघितला. तोंडात जाणाऱ्या सळईला टोकदार दाते. काटेरी लगाम. आपल्याकडे १९६५ च्या नियमांनी ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांना असलं काटेरी सामान वापरायला बंदी आहे, म्हणजे मी जन्मायच्या कितीतरी आधीपासून, आणि तरी ते यात्रेत घोडीबरोबर फ्री मिळालं होतं. आप्पांनी तो जुनी वस्तू म्हणून ओसरीत खिळ्याला अडकवला, मी काढून फेकला, त्यावरून दोन दिवस अबोला.

मग डॉक्टर आले लस द्यायला, त्यांनी तिच्या पुढच्या पायांवर खुरांच्या जरा वरच्या सांध्यावर खरचटलेलं बघितलं आणि विचारलं, ही बसते का रात्री? तात्या लगेच म्हणाले, नाही, आल्यापासून एकदाही अंगाला काडी लागलेली नाही. तात्या रोज सकाळी खरारा करतात ना, म्हणजे तिचं अंग घासून साफ करतात, त्यांना बरोबर माहीत. तर घोडा उभ्याने झोपतो हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं पण ते अर्धंच खरं आहे. पायांच्या सांध्यांना एक प्रकारची कडी असते, ती लावून तो उभ्याउभ्या डुलकी काढतो, पण खरी गाढ झोप, ज्यात आपल्यासारखी स्वप्नं वगैरे पडत असतील, तिच्यासाठी त्याला आडवंच व्हावं लागतं, रोज साधारण अर्धा तास तरी. आणि आडवं होणं म्हणजे शिकारी आला तर उठायला वेळ लागणार, त्यामुळे ज्या जागी सुरक्षित वाटत नाही तिथे घोडा आडवा होतच नाही. मग झोप साठत जाते आणि कधीतरी उभ्याउभ्या पुढचे गुडघे दुमडून तो कोसळतो, खरचटतो, दचकून पुन्हा उभा. दीड महिना ठकी आमच्या अंगणात अशी झोपेवाचून उभी होती आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो.

इथून माझं यूट्यूब बघणं सुरू झालं.

नॅचरल हॉर्समनशिप म्हणून जे म्हणतात ते सगळं अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या गुराख्यांचं. टॉम डॉरन्स नावाचे एक गृहस्थ होते, १९१० चा जन्म, २००३ ला गेले, त्यांचं आणि त्यांच्या भावाचं म्हणणं असं की घोडा मोडून काढायचा नसतो, त्याला काय वाटतंय ते आधी बघायचं. त्यांच्याकडून रे हंट शिकले आणि त्यांनी गावोगाव शिबिरं घेऊन हे पसरवलं. मग मॉन्टी रॉबर्ट्स, ज्यांना १९८९ मध्ये राणी एलिझाबेथने विंडसरला बोलावून प्रात्यक्षिक करायला लावलं, आणि पॅट परेली, ज्यांनी त्याचे सात खेळ करून नीट सिलॅबसच बनवला. परेलींची एक 'कॅरट स्टिक' असते, मला दोन दिवस वाटत होतं की गाजर बांधलेली काठी असणार, मी बाजारातून दोन किलो गाजरं पण आणली, तर ती नुसती चार फुटी केशरी काठी निघाली, हात लांब करायला. गाजरं आम्ही खाल्ली, हलवा केला.

मी भारावून गेले होते, खोटं कशाला बोलू. रॉबर्ट्सचं ते जॉइन-अप बघितलं, गोल कुंपणात घोड्याला मोकळा सोडायचा, पळवायचा, मग त्याचा आतला कान तुमच्याकडे वळतो, तो जीभ चाटतो, मान खाली टाकतो, मग तुम्ही पाठ फिरवायची आणि तो आपणहून येऊन तुमच्या खांद्याशी उभा राहतो. बघताना डोळ्यात पाणी येतं. मी बांबू आणि जुनं शेडनेट लावून पन्नास फुटांचं रिंगण बांधून घेतलं (तात्यांचं मत: लग्नाचा मांडव बरा झालाय), ठकीला आत सोडलं, दोर गोल फिरवत तिला पळवलं, आणि दहाव्या मिनिटाला ती खरंच माझ्या मागे येऊन उभी राहिली. मी रडले, सगळ्यांना फोन केले. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर मला बघून ती मागच्या भिंतीला चिकटली, आदल्या दिवसापेक्षा वाईट.

मग मला एक अभ्यास सापडला आणि माझी हवाच गेली. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये तेच केलं पण माणसाच्या जागी रिमोटवर चालणारी खेळण्यातली गाडी ठेवली. गाडी अंगावर आली की दबाव, घोडा गाडीकडे वळला की गाडी थांबणार. आणि घोडे गाडीच्या मागे जायला लागले की! आता त्या गाडीला काय घोड्याची भाषा येत होती, का तिच्यात नेतृत्वगुण होते? घोड्याला एवढंच कळलं होतं की हिच्याजवळ गेलं की पळणं थांबतं. म्हणजे माझ्या रिंगणात मी काय होते, तर रडणारी रिमोटची गाडी.

खरं सांगायचं तर मग तसं बघितलं तर खांबाला बांधून काठी मारणाऱ्याचंही तेच तंत्र आहे, पाय उचलला की काठी थांबते. दोन्हीकडे घोडा शिकतो तो त्रास थांबण्यातून, त्रासातून नाही. हे लक्षात आल्यावर मला दोन दिवस काही करावंसंच वाटेना. पण तिसऱ्या दिवशी वाटलं की मग हेच धरून बघू, थांबणं, सोडून देणं हाच जर धडा असेल तर दबाव किती कमी करता येईल? काठी नाही, पळवणं नाही, नुसतं माझं तिथे असणं हाच तिला दबाव होता ना, मग तेवढाच वापरायचा.

तर केलं काय ते सांगते. ठकी मोकळी, मी लांब. तिच्या दिशेने चालायचं, सरळ नाही, तिरकं, कारण घोड्याचे डोळे बाजूला असतात, त्याला जवळजवळ चहूबाजूंनी दिसतं, फक्त कपाळाच्या अगदी समोरचं आणि शेपटीच्या थेट मागचं सोडून. तर तिरकं चालायचं आणि नजर तिच्या कानाकडे. चौदा पावलांवर तिचा एक कान ताठ व्हायचा. बिचकणं नाही, पळणं नाही, नुसता कान, आणि श्वास जरासा अडकायचा. तिथेच थांबायचं. पुढे जायचंच नाही. ती श्वास सोडेपर्यंत, कधी फुरफुर करते, कधी मागच्या एका पायावरचा भार काढते, जबडा हलवते, तोवर उभं राहायचं आणि ते झालं रे झालं की लगेच वळून चालायला लागायचं, दूर. बस. दिवसाचे असे आठदहा वेळा.

यातलं अवघड काय आहे तर ते 'लगेच'. एक सेकंद. तिने श्वास सोडला आणि मी मनात "अरे वा" म्हणून मग वळले तर उशीर झाला, तोवर ती दुसरं काहीतरी करत असते आणि तिला वाटतं त्या दुसऱ्याचंच बक्षीस मिळालं. आणि उलटं, ती घाबरून नाचायला लागल्यावर मी मागे झाले तर मी तिला शिकवलं की नाच, बाई जाते. पहिले चार दिवस मी हेच शिकवलं बहुतेक. मीटिंगमध्ये म्यूट काढायला मला तीन सेकंद लागतात, तिथे हे एका सेकंदाचं काम.

चौदाची बारा पावलं झाली, मग एकदम पुन्हा सोळा (शेजारी बोअर मारत होते), मग नऊ, आणि साधारण तिसऱ्या आठवड्यात एक दिवस मी वळून चालायला लागले तर मागे पावलांचा आवाज. मी बघितलंच नाही. पळवल्यावर येते तसं नव्हतं ते, ती मध्येच थांबून गवत खात होती, परत येत होती, जशी काही तिला त्याच बाजूला काम आहे.

हात वर करण्याचं प्रकरण वेगळं. ते बोटापासून सुरू केलं, खरंच, एक बोट कमरेपर्यंत उचलायचं, ती शांत राहिली की खाली. मग पंजा. मग कोपर. केसांपर्यंत हात न्यायला अडीच महिने लागले.

दोराचं पण तसंच. घोड्याच्या अंगावर माशी बसली तर तेवढीच कातडी थरथरवून तो तिला उडवतो, एवढं ज्याला कळतं त्याला खसकन ओढायची गरज का पडावी? म्होरकीच्या दोराला बोटाने जेमतेम ताण द्यायचा आणि वाट बघायची. ती अर्धा पाऊल इकडे झुकली की दोर ढिला. पहिल्यांदा ती चार मिनिटं नुसती उभी राहिली, मला वाटलं दगडाला बांधलंय, पण ओढलं नाही. आता दोर हातात लोंबता असतो.

तात्या हे सगळं बघत होते आणि त्यांचं माझं कडाक्याचं भांडण झालं ते पिछाडीवरून. जुन्या पद्धतीने घोड्याला आगाडी-पिछाडी दोन्ही लावतात, मागचे पाय पण दोराने खुंट्याला. मी म्हटलं ती आडवी कशी होईल अशाने, काढा. ते म्हणाले रात्रीची सुटली आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीखाली गेली तर तुझं यूट्यूब येणार का. मुद्दा बरोबर होता. शेवटी रिंगणालाच पक्के पाईप लावून, आत मुरूम आणि उसाचं पाचट टाकून तिला मोकळी ठेवायची असं ठरलं, खर्च आप्पांचा. पाचटात तोंड घालते म्हणून तात्यांनी नंतर भाताचा पेंढा आणला, कुठून आणला विचारू नका, आमच्याकडे भात कुठाय.

आणि दुसऱ्या एका गोष्टीत मी साफ चुकले होते. मला वाटायचं प्रेमाने घ्यायचं म्हणजे कशालाच नाही म्हणायचं नाही. ठकीची भीती कमी झाली तशी ती बादलीसाठी अंगावर यायला लागली, मानेने ढकलायची, मी हसून बाजूला व्हायचे. म्हणजे बाजूला कोण होतंय, तर मी. दबाव ती देतेय, सोडून मी देतेय, शिकवतंय कोण कुणाला? एक दिवस तिने पाय ठेवला माझ्या पायावर, साडेतीनशे किलो, करंगळी मोडली. तात्या मला दवाखान्यात नेताना एवढंच म्हणाले, "माया कर, पण माज नको चढवू."

ते लीडरशिप लीडरशिप म्हणतात ना, तो शब्द मला अजून पचत नाही, त्यात नेहमी एक जण वर असतो. कळपात एक वयस्कर घोडी पुढारीण असते वगैरे सांगतात, पण मोकळ्या कळपांवर नजर ठेवणाऱ्यांना असंही दिसलंय की आज ही निघाली की बाकीचे जातात, उद्या ती. मी आता एवढंच करते की माझ्याभोवती हाताच्या अंतराएवढं वर्तुळ माझं आहे, त्यात मी बोलावल्याशिवाय यायचं नाही, आणि हे रोज, प्रत्येक वेळी, सेम. सोमवारी चालतं आणि मंगळवारी ओरडा बसतो असं नाही. ती आत आली की बोट हलतं, ऐकलं नाही तर दोराचं टोक हलतं, मागे झाली की सगळं शांत, राग नाही, लाड नाही. गंमत म्हणजे या नियमानंतर ती जास्त निवांत झाली, कमी नाही.

आणि खोटं चालत नाही तिथे. बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा होता, १९०४ च्या सुमारास फार गाजला, गणितं सोडवायचा, खूर आपटून उत्तर द्यायचा. १९०७ मध्ये फुंग्स्ट नावाच्या संशोधकाने शोधून काढलं की त्याला गणित ओ की ठो येत नव्हतं, बरोबर आकड्याला विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं आणि हान्स तिथे थांबायचा. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल तर हान्सचा निकाल जवळजवळ शून्य. लोक त्याला फसवणूक म्हणून हसले, मला तो गणितापेक्षा मोठा चमत्कार वाटतो. ऑफिसच्या कामाच्या रिलीजच्या आठवड्यात मी लॅपटॉप आपटून ठकीकडे गेले की चौदा पावलं परत यायची, मी कितीही गोड आवाजात हाका मारल्या तरी. शेवटी मी गेटापाशी बसून आधी माझाच श्वास खाली आणायचे. लोक यासाठी ॲपला पैसे देतात.

मध्ये मामेभावाचं लग्न आलं. मामींचा फोन, "घरची घोडी असताना बाहेरची कशाला करायची?" मी नाही म्हटलं, आप्पा आधी गप्प होते आणि मग ते पण नाही म्हणाले, त्याचं मला फार आश्चर्य वाटलं. अजून मामी टोमणे मारतात. झेनोफन नावाचा एक ग्रीक सेनानी होता, साधारण चोवीसशे वर्षांपूर्वीचा, त्याने लिहून ठेवलंय की जबरदस्तीने घोड्याकडून जे करून घेता ते तो न समजता करतो आणि त्यात काही सौंदर्य नसतं, नर्तकाला चाबूक मारून नाचवण्यासारखंच ते. मी हे मामींना ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, ग्रीकांच्यात वराती नसतील.

पाठीवर अजून बसले नाही मी. खोगीर पाठीवर ठेवून काढते, रिकिबीत पाय ठेवून भार टाकते आणि उतरते, तेवढंच. बघू, घाई नाही.

मागच्या महिन्यातली गोष्ट. पहाटे साडेपाचला लाइट आली म्हणून मोटर चालू करायला निघाले, धुकं होतं, रिंगणाकडे बॅटरी मारली तर ठकी आडवी. पूर्ण आडवी, चारही पाय लांब, मान पेंढ्यावर टाकलेली. माझ्या पोटात गोळा आला, घोड्याला उलटी होत नाही, पोटशूळ झाला तर काही तासांत खेळ संपू शकतो, मी चपला तिथेच टाकून पळाले, गेट उघडलं, कडी वाजली. दहा पावलांवर तिने मान उचलली. गालाला पेंढा चिकटलेला. माझ्याकडे बघितलं, एक कान वळवला, आणि भसकन श्वास सोडून मान परत खाली टाकली. उठली नाही.

मी पण तिथेच थांबले, मग वळून मोटर चालू करायला गेले. तात्यांना सांगितलं नाही, सातला खरारा करताना त्यांना दिसणारच होतं.